आधी पेटी बघा, मग गाडीत टाका: पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचा रिव्ह्यू

सगळे हॉटेलांचे नाहीतर मोबाईलचे रिव्ह्यू टाकतात, मी लायब्ररीचा टाकतोय. पुस्तकांच्या नाही, पायथन ह्या प्रोग्रामिंग भाषेच्या, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड. नाव रिक्वेस्ट्स, प्रोग्रॅममधून एखाद्या साइटला मागणी पाठवायची तर ही वापरतात. फुकट आहे, अपाची २.० लायसन्स, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही, पण माझा वेळ भरपूर गेलाय तिच्यात आणि मामाचे थोडे आंबे पण गेलेत, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजतो.

तर झालं असं. मी राहायला ठाण्यात, नोकरी ऐरोलीला, आणि मामाचा वाशीला एपीएमसीच्या फळ मार्केटमध्ये गाळा. मार्च ते मे हापूसचा सीझन, आणि घरपोच पेटीच्या ऑर्डरी इतक्या वाढल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले पत्ते वहीत उतरवून मग डिलिव्हरीवाल्यांच्या साइटवर एकेक टाइप करणारा पोरगा दोन सीझनमध्ये दोनदा पळून गेला. मग मामीने माझं नाव सुचवलं, "आपला हा कंप्युटरवालाच आहे की." झालं, फुकटचा माणूस मिळाला. शीटमधून ऑर्डरी उचलायच्या आणि डिलिव्हरी कंपनीच्या एपीआयला (प्रोग्रॅमसाठी ठेवलेलं त्यांच्या सर्व्हरचं दार) पाठवायच्या, काम एवढंच. कंपनीचं नाव घेत नाही, का ते पुढे कळेल.

रिक्वेस्ट्स म्हटलं की लोक एकच ओळ दाखवतात, रिक्वेस्ट्स डॉट गेट, कंसात पत्ता, संपलं. ती ओळ भारीच आहे, नाही म्हणत नाही. केनेथ राइट्झने २०११ मध्ये ही लायब्ररी काढली तेव्हा पायथन २ मध्ये यूआरएललिब आणि यूआरएललिब२ असे दोन वेगवेगळे प्रकार होते, साधा पासवर्डवाला पत्ता उघडायचा तर आधी पासवर्ड मॅनेजर बनवा मग हँडलर बनवा मग ओपनर बनवा, म्हणजे बँकेत खातं उघडायला तीन काउंटर फिरल्यासारखं. त्याने ते सगळं एका ओळीत आणलं आणि वर "एचटीटीपी फॉर ह्यूमन्स" अशी टॅगलाइन लावली. आता ती पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. पण त्या एका ओळीसाठी मी रिव्ह्यू लिहायला बसलो नसतो, तेवढं काम आता दहा लायब्ररी करतात.

मला हिच्यात आवडलेली गोष्ट ती ओळ वापरणाऱ्या बऱ्याच जणांना माहीतच नसते. आत काय होतं, तर तुमची रिक्वेस्ट आधी एक ऑब्जेक्ट बनते. नुसती पाठवली जात नाही, आधी बनते. आणि ते ऑब्जेक्ट पाठवायच्या आधी तुम्ही हातात घेऊन उलटंपालटं करून बघू शकता.

दोन ऑब्जेक्ट आहेत खरं तर. एक रिक्वेस्ट, आणि दुसरं प्रिपेअर्डरिक्वेस्ट. मामाच्या गाळ्यावरचंच सांगतो म्हणजे पटेल. ऑर्डर आली की मामा चिठ्ठीवर लिहितो, "नौपाडा, पाच डझन, पिकलेला नको". ती चिठ्ठी म्हणजे रिक्वेस्ट. मग आत पोरगा पेटी भरतो, गवत घालतो, खिळे मारतो, वर मार्का लावतो, ती पेटी म्हणजे प्रिपेअर्डरिक्वेस्ट. गाडीत जाते ती पेटी, चिठ्ठी नाही. आणि घोळ झाला की भांडण नेहमी चिठ्ठीवर होतं, "मी तर पाच डझन लिहिलं होतं", अरे पण पेटीत काय भरलं ते बघितलंस का कोणी?

रिक्वेस्ट बनवताना तुम्ही मेथड (गेट म्हणजे मागणं, पोस्ट म्हणजे पाठवणं), पत्ता, हेडर (वर लावायची माहिती), पॅराम्स (पत्त्याला जोडायची माहिती), डेटा असं सगळं माणसाच्या भाषेत देता. डिक्शनरी द्या, मराठी द्या, काही द्या. प्रिपेअर म्हटलं की ते सगळं तारेवरून जाणाऱ्या स्वरूपात येतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी गंमत म्हणून पॅराम्समध्ये सिटी इक्वल टू ठाणे असं मराठीत दिलं आणि तयार ऑब्जेक्टचा डॉट यूआरएल छापून बघितला. "ठाणे" म्हणजे कंप्युटरला चार चिन्हं, ठ, काना, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) प्रत्येकाचे तीन बाइट, झाले बारा. आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून लिहायचा म्हणजे परत तिप्पट, ३६ अक्षरं! नुसता ठ जाताना %ई०%ए४%ए० असा होऊन जातो. एवढं रामायण चार चिन्हांचं, आणि हे मी ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून बघत होतो (ठाण्याहूनच सुटते म्हणून रविवारी बसायला मिळतं), दिघा गावच्या पुढे नेट गेलेलं, तरी चालत होतं, कारण प्रिपेअरला नेट लागतच नाही. पेटी भरायला ट्रक कशाला पाहिजे.

आता ज्याच्यासाठी मी ह्या लायब्ररीला हात जोडतो तो किस्सा. डिलिव्हरीवाल्या कंपनीच्या एपीआयला प्रत्येक बुकिंगबरोबर सही पाहिजे. म्हणजे जो जेसॉन (डेटा मजकुरात लिहायची एक पद्धत) पाठवताय त्याच्यावर त्यांनी दिलेल्या गुप्त किल्लीने एचमॅक शा-२५६ नावाचा ठसा काढायचा आणि हेडरमध्ये टाकायचा. मी काय केलं, माझ्या कोडमध्ये जेसॉन बनवला, सही काढली, आणि पाठवताना तीच डिक्शनरी जेसॉन इक्वल टू करून रिक्वेस्ट्सला दिली. ४०१, म्हणजे ओळख पटली नाही. परत केलं, ४०१. किल्ली बदलून घेतली, ४०१. त्यांच्या सपोर्टला मेल टाकला तर उत्तर आलं, "तुमची सही चुकतेय." बरं, कुठे चुकतेय? "डॉक्युमेंट बघा." तीन दिवस हेच. डॉक्युमेंट मला पाठ झालं होतं, त्यातल्या स्पेलिंग मिस्टेकसकट. तिकडे मामाचा रोज फोन, "झालं का रे?"

चौथ्या दिवशी डोकं चाललं. रिस्पॉन्स आला की त्याच्या आत डॉट रिक्वेस्ट म्हणून तेच प्रिपेअर्डरिक्वेस्ट पडलेलं असतं, म्हणजे गेलेली पेटी परत उघडून बघता येते. तिचा बॉडी, म्हणजे आतला मजकूर, छापला आणि शेजारी माझा जेसॉन छापला. माझ्यात स्वल्पविरामानंतर आणि कोलननंतर जागा नव्हती, मी हौसेने घट्ट बनवला होता. रिक्वेस्ट्सने बनवलेल्यात प्रत्येक ठिकाणी एक स्पेस. शिवाय मी "नौपाडा" मराठी अक्षरातच ठेवलेला, तर तिकडे प्रत्येक चिन्हाचं बॅकस्लॅश यू आणि पुढे चार आकडे असं झालेलं, म्हणजे सहा चिन्हांची ३६ अक्षरं (हा ३६ चा आकडा माझ्या मागेच लागलाय). डेटा तोच, अर्थ तोच, पण बाइट वेगळे, आणि सही बाइटवर असते, अर्थावर नसते. म्हणजे मी एका कागदावर सही करून दुसराच कागद पाठवत होतो, सपोर्टवाले बिचारे बरोबरच सांगत होते, फक्त अर्धं सांगत होते.

उपाय पण ह्याच ऑब्जेक्टमध्ये आहे आणि तो सुंदर आहे. ऑथबेस नावाचा क्लास आहे, त्याच्यावरून आपला छोटा क्लास बनवायचा, त्याच्या कॉल मेथडमध्ये रिक्वेस्ट्स स्वतः तुम्हाला तयार ऑब्जेक्ट आणून देतं. तुम्ही त्याचा बॉडी घ्यायचा, जसाच्या तसा, त्याच्यावर सही काढायची, हेडरमध्ये टाकायची, ऑब्जेक्ट परत द्यायचा. पाच-सहा ओळी. हे जमतं कारण प्रिपेअरमध्ये क्रम ठरलेला आहे, मेथड, पत्ता, हेडर, कुकी, बॉडी आणि मग ऑथ, सोर्स उघडून बघा, तिथे कॉमेंट पण आहे की ऑथ सगळ्यात शेवटीच असलं पाहिजे, कारण ओऑथसारख्या ओळख पटवायच्या पद्धतींना पूर्ण तयार झालेली रिक्वेस्ट लागते. खिळे मारल्यावरच मार्का. ज्याने हा क्रम ठरवला त्याला मी एक पेटी पाठवायला तयार आहे, पाच डझनी.

तसं बघायला गेलं तर रिक्वेस्ट म्हणजे ऑब्जेक्ट ही कल्पना हिची नाही. पर्ल भाषावाले त्यांच्या एलडब्ल्यूपी लायब्ररीमध्ये नव्वदच्या दशकातच एचटीटीपी रिक्वेस्टचा ऑब्जेक्ट बनवून यूजर एजंटच्या हातात देत होते. पायथनच्या स्वतःच्या यूआरएललिबमध्ये पण रिक्वेस्ट क्लास आहे, काही इन्स्टॉल न करता मिळतो, पण त्याचे नखरे बघा, डेटा दिला की आपोआप पोस्ट, नाही दिला की गेट, डेटा तुम्हीच बाइट करून द्या, आणि हेडरचं नाव स्वतःच्या मर्जीने बदलून ठेवतो, कंटेंट-टाइपमधला टी कॅपिटल दिला तरी आत स्मॉल. ऑफिसमध्ये आमच्या शेजारी पीएचपीची टीम बसते, त्यांच्याकडे पीएसआर-७ नावाचं स्टँडर्ड, तिथे ऑब्जेक्ट बदलताच येत नाही, विथहेडर म्हटलं की नवीन कॉपी मिळते, आणि ती कॉपी पकडली नाही तर हेडर हवेत. त्यांच्यातला एक नवीन पोरगा अर्धा दिवस "अरे मी हेडर टाकलाय, जात का नाही" करत बसला होता, मला त्याचं दुःख आतून कळलं. ते स्वच्छ आहे, मान्य, पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला रिक्वेस्ट्सचा बदलता येणारा ऑब्जेक्ट सोयीचा वाटतो. जाता जाता हेडरमध्ये एक ओळ घातली आणि पाठवलं.

आता नुकसानीचा भाग. रिक्वेस्ट्समध्ये टाइमआउट तुम्ही दिला नाही तर नसतोच. डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं, चूक माझी. रात्री दोनला स्क्रिप्ट लावली होती, समोरचा सर्व्हर गप्प बसला, आणि स्क्रिप्ट पण त्याच्यासमोर हात जोडून गप्प बसली, सकाळी मामा गाळ्यावर आला तरी बसलेलीच. एक पण बुकिंग नाही, गाडीवाला येऊन हात हलवत परत. मामाने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मग मी टाइमआउट दिला, पाच आणि वीस. पाच सेकंद जोडणीसाठी, वीस उत्तरासाठी (हे वीस एकूण नाहीत बरं का, दोन बाइटच्या मधली वाट बघायची मर्यादा आहे, थेंबथेंब उत्तर देणारा सर्व्हर तुम्हाला तासभर पण लटकवू शकतो). आणि वर शहाणपणा करून तीनदा ट्राय करायचा लूप घातला. आणि मग नौपाड्यातल्या एका आजींकडे एकाच सकाळी दोन पेट्या. पहिल्या वेळी बुकिंग झालं होतं, उत्तर यायला उशीर झाला, माझ्या स्क्रिप्टला वाटलं गेलंच नाही, तिने परत पाठवलं. आजींनी दुसरी पेटी परत दिली नाही, पैसे पण दिले नाहीत, "मी मागितली नव्हती" म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर आहे. मामा म्हणाला, "ह्याच्यापेक्षा तो पळून गेलेला पोरगा बरा होता रे, तो निदान विसरायचा, डबल नाही करायचा."

इथे परत तेच ऑब्जेक्ट कामाला आलं. एपीआयमध्ये रेफरन्स नंबर द्यायची सोय होती, एका नंबरचं बुकिंग दोनदा होत नाही. मी नंबर देत पण होतो, पण रिक्वेस्ट बनवणं लूपच्या आत होतं, त्यामुळे प्रत्येक फेरीला नवीन नंबर तयार व्हायचा, समोरच्याला वाटायचं नवीन ऑर्डर. बनवणं लूपच्या बाहेर काढलं, आत फक्त सेशन डॉट सेंड (सेशन म्हणजे सगळ्या रिक्वेस्टींचे सामायिक हेडर, कुकी सांभाळणारा ऑब्जेक्ट). तीच पेटी, तोच मार्का, तीच सही, पाहिजे तितक्या वेळा दारात नेऊन ठेव, आत एकदाच जाणार. दोन ओळी वर सरकवल्या एवढाच बदल. नुसतं रिक्वेस्ट्स डॉट पोस्ट लिहीत राहिलो असतो तर "बनवणं" आणि "पाठवणं" ही दोन वेगळी कामं आहेत हे मला दिसलंच नसतं.

(जाता जाता, लायब्ररी स्वतःहून रिट्राय करत नाही, डीफॉल्ट शून्य आहे. हिच्या खाली काम करणाऱ्या यूआरएललिब३ लायब्ररीचा रिट्राय लावता येतो आणि समोर पोचलेल्या पोस्टला तो डीफॉल्टमध्ये मुद्दाम हात लावत नाही, कारण हेच, डबल पेटी. म्हणजे शहाणी माणसं आधीच होऊन गेली होती, मीच स्वतःचा लूप लिहिला.)

रिस्पॉन्सच्या बाजूचं पटकन सांगतो. इफ रिस्पॉन्स असं नुसतं लिहिलं तरी ४०० आणि पुढचे सगळे एरर खोटे धरतं, छान वाटतं, पण त्याच्यावर विसंबू नका. एकदा २०० आलं, सगळं हिरवंगार, आणि बुकिंग मात्र एक पण नाही. डॉट हिस्टरी छापलं तर आत ३०१ बसलेला, त्यांनी पत्ता बदलला होता, आणि ३०१ किंवा ३०२ वर रिक्वेस्ट्स ब्राउझरसारखंच वागतं, पोस्टचं गेट करून पुढे जातं. पेटी वाटेतच रिकामी झाली आणि मला रिकाम्या खोक्याची पोचपावती मिळाली. ३०७ आणि ३०८ असेल तर मेथड तशीच राहते, पण समोरच्याने काय लावलंय ते आपल्या हातात थोडीच आहे.

आणि मराठी वाचणाऱ्यांसाठी खास. सर्व्हरने टेक्स्ट पाठवलं आणि हेडरमध्ये कॅरेक्टर सेट सांगितला नाही तर रिक्वेस्ट्स जुन्या नियमाने आयएसओ ८८५९-१ धरतं, म्हणजे "नौपाडा"च्या जागी डोक्यावर रेघोट्या असलेल्या इंग्रजी अक्षरांची १८ चिन्हांची माळ. घाबरायचं नाही, डॉट टेक्स्ट वाचायच्या आधी डॉट एन्कोडिंगला यूटीएफ-८ सांगायचं, लगेच माणसात येतं. सर्व्हरने कंटेंट-टाइप नीट अ‍ॅप्लिकेशन/जेसॉन सांगितला असेल तर डॉट जेसॉनला हा त्रास नाही.

तक्रारी आहेतच. पहिली म्हणजे दोन प्रिपेअर आहेत. रिक्वेस्टचा स्वतःचा प्रिपेअर, आणि सेशनचा प्रिपेअर_रिक्वेस्ट. पहिल्यात सेशनमधले हेडर आणि कुकी येतच नाहीत, टोकन सेशनमध्ये ठेवलेलं असेल तर ते घरीच राहतं आणि तुम्ही ४०१ बघत बसता. नेहमी दुसरा वापरा. दुसरी, डॉट हेडर्स छापल्यावर दिसतं ते शंभर टक्के नाही, होस्टचा हेडर वगैरे खाली पाठवताना लागतो, तो इथे दिसत नाही. तिसरी जरा जास्त लागली मला. ऑफिसमध्ये फायरवॉल स्वतःचं सर्टिफिकेट घुसवतं, त्यासाठी एन्व्हायर्नमेंटमध्ये (मशीनच्या सेटिंगमध्ये) सर्टिफिकेटच्या बंडलचा रस्ता देऊन ठेवलाय, साधं गेट मस्त चालतं. पण स्वतः प्रिपेअर करून सेंड केलं की ते एन्व्हायर्नमेंट बघितलंच जात नाही, सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड. मर्ज_एन्व्हायर्नमेंट_सेटिंग्ज म्हणून एक मेथड आहे, ती आधी बोलावून तिचं उत्तर सेंडला द्यावं लागतं, नावसुद्धा टाइप करताना दम लागतो. डॉक्युमेंटमध्ये आहे हे, पण ज्या गोष्टीसाठी मी हिला पाच स्टार देणार होतो नेमकी तिथेच खाच ठेवलीये, म्हणून अर्धा स्टार कापला. एसिंक (उत्तराची वाट बघताना बाकीची कामं चालू ठेवणं) नाही, एचटीटीपी/२ नाही, ते पाहिजे तर एचटीटीपीएक्स बघा, त्यात टाइमआउट पण आधीपासून पाच सेकंदांचा असतो. मामाच्या दिवसाच्या सत्तर-ऐंशी पेट्यांना त्याची गरज नाही. साडेचार स्टार, फायनल.

आणि हो, सर्टिफिकेटचा वैताग आला की ऑफिसमध्ये कोणीतरी हमखास सांगतं, "अरे व्हेरिफाय फॉल्स कर ना, सोड." करू नका, त्याने सर्टिफिकेट तपासणंच बंद होतं, आणि कधी केलं असेल तर व्हर्जन बघा. २.३२ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये सेशनची पहिली रिक्वेस्ट व्हेरिफाय फॉल्सने गेली की त्याच सर्व्हरला पुढच्या रिक्वेस्टी तुम्ही ट्रू सांगितलं तरी न तपासताच जायच्या, मे २०२४ मध्ये हे दुरुस्त झालं. मी मामाच्या गाळ्यावरच्या मशीनवर जाऊन बघितलं तर २.२५ होतं. तिथेच उभ्याउभ्या पिप इन्स्टॉल अपग्रेड मारलं, मामा बाजूला हिशोब करत होता, "आता काय बिघडवतोयस?" म्हणाला.